होय म्हाराजाचं बटण

सहदेवकाकांनी हाळीची काठी माझ्या कीबोर्डवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "वर्षाली, ही तुझ्या कंप्युटरात घाल. माका आता नको."

काठी चांगली जाडजूड, टोकाला पितळेची टोपी. तिच्या भाराने स्क्रीनवर एकाच अक्षराच्या ओळीच्या ओळी उमटायला लागल्या. दोन तास खपून लिहिलेलं काम माझ्या डोळ्यांदेखत खाली खाली चाललं होतं.

"काका, आधी काठी उचला," मी ओरडले. "मग काय ते बोला."

मालवणात भरड नाक्यावर माझं दोन खुर्च्यांचं ऑफिस आहे. लोकांच्या वेबसाइट बनवून देते. माझा तोंडाळपणा गिऱ्हाइकांना ठाऊक आहे आणि तरी ती येतात, कारण काम चोख असतं. सहदेवकाका मात्र गिऱ्हाईक नव्हते. सुरंगखोल या आमच्या गावात त्यांचं आणि आमचं कुंपण एकच. त्यांच्या रायवळ आंब्याखाली मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे काठी उचलल्यावर ते मुकाट्याने दुसऱ्या खुर्चीत बसले, आणि त्यांचा पडलेला चेहरा बघून माझा पाराही उतरला.

आमच्या सुरंगखोलात सातेरीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते. भात कापून झालं की गुरव देवीला कौल लावतो. पाषाणाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवायच्या, एका दिवसाचं नाव घ्यायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर देवीचा होकार. डावी पडली तर तो दिवस बाद, दुसरा विचारायचा. दिवस ठरला की गुरव उंबऱ्यावर येऊन सहदेवकाकांच्या कानात सांगतो, आणि काका काठी आपटून तो साऱ्या गावाला ओरडून सांगतात. ही हाळी. ती होईपर्यंत तारीख कुणी तोंडातून काढायची नाही. हाळीचा मान काकांच्या घराचा, त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून. आणि हाळी देणाऱ्याने कौलाच्या वेळी आत पाऊल टाकायचं नाही, हाही नियमच.

या सगळ्यात २००७ साली वेबसाइट घुसली.

ती बनवली आमच्या मुंबई मंडळाच्या विकीने. विकी आमच्याच वाडीतला, पण जन्म भांडुपचा. गावावरचं प्रेम नुसतं उतू जातं. मे महिन्यात येतो, फणसाला मिठी मारून फोटो काढून घेतो आणि डास चावले म्हणून चार दिवसांत परत जातो. मंडळाच्या लोकांना रेल्वेची तिकिटं आधी काढावी लागतात, आणि कौल लागेपर्यंत गाड्या भरलेल्या असतात. म्हणून या शहाण्याने मागच्या वर्षांवरून हिशेब करून जत्रेची तारीख वेबसाइटवर टाकून दिली. शेजारी 'अंदाजे' असं लिहिलं होतं, पण इतकं बारीक की ते वाचायला भिंग लागलं असतं. मुंबईकरांनी धडाधड तिकिटं काढली.

आणि महिन्याभराने कौल लागला तो नेमका त्याच रविवारचा!

"देवीन वेबसाइट वाचल्यान वाटता," बाबलीकाका देवळाच्या पायरीवरून म्हणाले. बाबलीकाका हे सहदेवकाकांचे चुलतभाऊ. जीभ अशी की मिरची लाजेल. लोक हसले. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण हसता हसता गोष्ट पार फिरली. गुरव आणि सहदेव मुंबईवाल्यांना सामील आहेत, तिकिटं वाया जाऊ नयेत म्हणून हाळी ठरवून दिली, असं लोक कुजबुजायला लागले. तोंडावर कुणी बोललं नाही. सहदेवकाका आले की बोलणं थांबायचं, एवढंच. वर्षभरात त्या माणसाने तिठ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला जाणं सोडलं. यमुनाकाकी, म्हणजे त्यांची बायको, मला सांगायची की समोर बांगड्याचं तिखलं असलं तरी ते ताटावरून अर्ध्यात उठतात.

या वर्षी देवळात गावाची बैठक झाली. वेबसाइट बंद करायला मुंबईकर तयार होईनात. मग ठरलं की ती नव्याने बांधायची, आणि अशी बांधायची की हाळीच्या आधी कुणालाही तारीख लिहिताच येऊ नये. काम माझ्या गळ्यात पडलं. विकीचा मला इतका राग आला होता की मी ताडकन हो म्हटलं.

"अगो, माझ्या आज्यान ही काठी धरल्यान, बापाशीन धरल्यान," काका म्हणाले. "तेंका कोण कधी खोटो म्हणाक नाय. माझ्याच वेळेक ह्या कित्याक?"

"तुमची काही चूक नाही, काका. त्या विकीच्या कानाखाली वाजवायला हवी."

"विकीचा सोड. पोरगो बरो आसा." काठीची पितळी टोपी ते अंगठ्याने पुसत राहिले. "मी औंदा हाळी देतलंय. पण गावान मनापासना होय म्हटला नाय, तर ही काठी देवळात ठेवन घराक येतलंय. मगे कोणाक व्हयी तो घेवंदे."

एवढं बोलून ते काठी घेऊन एसटीला गेले. काठी गेली असती तर त्यांच्या घराचा मान गेला असता, आणि तो गेल्यावर त्या माणसात काही उरलं असतं असं मला वाटेना.

दुपारी विकीने बनवलेला डेटाबेस उघडला आणि कपाळावर हात मारला. याने परवानग्या वाटल्या होत्या त्या माणसामाणसाला, लग्नात पेढे वाटतात तशा. जो मागेल त्याच्या नावापुढे खूण. नाशिकचा कोणी मित्र एकदा जत्रेला येऊन वडे-सागोती खाऊन गेला होता, त्याला तारीख बदलता येत होती. आमचा पोस्टमन बदली होऊन देवगडला गेला त्याला महिने झाले, तो देणगीदारांची नावं पुसू शकत होता. वारलेल्या गंगाराम मास्तरांना अजून फोटो काढून टाकायचा अधिकार होता. आणि ज्या सावित्रीबाईंनी सगळे फोटो जमवून दिले, त्या बिचाऱ्यांना साधं आत शिरता येत नव्हतं.

मी विकीला फोन लावला.

"अगं, पटापट द्यायचं होतं ना सगळ्यांना," तो म्हणाला. "नवीन माणूस आला की एक नाव वाढवायचं. सिंपल!"

"आणि माणूस गेला की?"

"म्हणजे?"

"गंगाराम मास्तर वरून फोटो काढून टाकणार आहेत का तुझे?"

मग हळूच म्हणाला, "मला सगळं करता येईल असं एक लॉगिन ठेवशील ना गं?"

मी फोन ठेवून दिला.

जुनं सगळं मोडून नव्याने मांडायला घेतलं. या कामाचं पहिलं सूत्र म्हणजे परवानगी माणसाला द्यायची नसते, गटाला द्यायची असते. गट आधी ठरवायचे, कुठल्या गटाने काय करायचं ते ठरवायचं, आणि मग माणसं त्या गटांत बसवायची. माणसं येतात, जातात, रुसतात, मरतात. एकाला या गटातून काढलं, त्या गटात घातलं, की झालं. बाकी कशाला हात लावावा लागत नाही. आणि हे मांडताना माझ्या लक्षात आलं की आमचं देऊळ असंच तर चालतं! ढोल कुणी वाजवायचा, दिवा कुणी लावायचा, पालखीला खांदा कुणी द्यायचा, हे सगळं घरांचं ठरलेलं. बाप थकला तर मुलगा येतो, मुलगा मुंबईला असला तर पुतण्या येतो. मान घराचाच राहतो.

मी चार गट केले. देवस्थान, म्हणजे गुरव आणि पूजेची माणसं. हाळीचं घर. ग्रामस्थ. मुंबई मंडळ. फोटो, बातम्या, देणग्या सगळं नीट वाटून दिलं. तारीख लिहायची परवानगी एकट्या हाळीच्या घराला. स्वतःवर जाम खूश होऊन मी संध्याकाळी कुंपण ओलांडलं.

यमुनाकाकीने गरम घावणे वाढले. मी काकांना सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे तारीख फकत मीच लिवतलंय?"

"फक्त तुमचं घर. विकीसुद्धा नाही."

"मगे बाबलो काय म्हणतलो? सहदेवान आधीच लिवन ठेवल्यान आणि मगे हाळी दिल्यान. गेल्या वर्षी मुंबयवाले चोर होते. औंदा चोर मीच."

मी हातातला घावणा ताटात परत ठेवला. खरंच होतं ते. मी त्यांना वाचवायला निघाले होते आणि त्यांच्याच गळ्यात फास अडकवून आले होते.

पुढचे काही दिवस मी नुसती चिडचिड केली. परवानगी गुरवाला द्यावी, तर कौल आणि तारीख दोन्ही एकाच हातात. बाबलीकाका मांडव उखडतील. बाबलीकाकांना द्यावी, तर हाळीला अर्थ काय राहिला? माझ्याकडे ठेवावी, तर माझं आणि सहदेवकाकांचं कुंपण एक, हे गावाला सांगायला नको. कुणाच्याही हातात दिली तरी दुसरा कोणीतरी संशय घेणारच. कुठलाही गट घ्या, तिथे येऊन गाडी अडायची.

आणि गाडीवरूनच ती सुटली.

त्याच सुमाराला मी जुनी स्कूटर घेतली होती. यमुनाकाकीने ती बघितली आणि तिथेच मला धारेवर धरलं. "गाराणा घातल्याशिवाय गाडी फिरवतंस? शिकान शिकान अक्कल खंय ठेवलंस गो?" दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरसमोर नारळ हातात धरून सहदेवकाका गाऱ्हाणं घालायला, म्हणजे देवाला मोठ्याने विनवायला, उभे राहिले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा लागला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या चेडवान गाडी घेतल्यान हा…"

"होय म्हाराजा!" यमुनाकाकी.

"तिची चाका सरळ चलांदेत, वाटेत गुरू-ढोर आडवा इला तर बाजूक कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तिच्या तोंडाक वायच लगाम घाल म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हे काकीने जरा जास्तच जोरात म्हटलं.

मी मोबाइलवर एका गिऱ्हाइकाला उत्तर लिहीत होते. एकदम सगळं शांत झालं. मान वर केली तर काका थांबलेले, नारळ हातात तसाच.

"काय झालं?"

"तू होय म्हणाक नाय. गाडी तुझी मा? तू म्हटल्याशिवाय पुढे कसा जावचा?"

मी होय म्हाराजा म्हटलं. नारळ फुटला. आणि माझ्या डोक्यातही काहीतरी फुटलं, कारण मी ओल्या खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन तशीच चपला न घालता घरातल्या कॉम्प्युटरकडे धावले.

गाऱ्हाणं घालणारा एकटाच असतो, पण ते त्याच्या एकट्याने पुरं होत नाही. समोरून होय आलं पाहिजे. तारखेचंही तसंच करायचं! लिहिणार हाळीचं घर. पण लिहिली तरी ती कुणालाच दिसणार नाही. मग बाकीच्या तिन्ही गटांतल्या एकेका माणसाने आपल्या नावाने होय म्हणायचं. तिघांचे होय आले की तारीख उघडी होईल. एकाचा जरी राहिला तरी ती बंद. लिहायची परवानगी एकाला, होय म्हणायची दुसऱ्यांना. डेटाबेसात एक टेबल वाढवायचं आणि चार ओळी लिहायच्या, एवढंच काम. मला इतका आनंद झाला की मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "गावाच्या वतीन होय कोण म्हणतलो?"

"सावित्रीबाईंना विचारायचं म्हणतेय. शहाण्या आहेत, आणि तुमच्या बाजूच्याही."

"नको. बाबल्याक घाल."

यमुनाकाकीच्या हातातली कळशी दणकन खाली आली. "तेका? तुमची मती फिरली काय?"

"तेकाच," काका म्हणाले. "तोंड तेणाच उघडल्यान मा? होय पण तेणाच म्हणांदे. तेणी म्हटल्यान तर गावान म्हटला. नाय म्हटल्यान तर…" त्यांनी कोपऱ्यातल्या काठीकडे नुसतं बघितलं.

बाबलीकाका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या ऑफिसात आले. निवडणुकीला उभे असल्यासारखे. त्यांना लॉगिन करून दिलं, पासवर्ड ठरवायला सांगितला. त्यांनी देवीचं नाव ठरवलं आणि ते चहावाल्याला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला आणि परतीच्या एसटीच्या कंडक्टरला सांगून टाकलं. गुरवाचीही तीच तऱ्हा. आमच्याकडे बाहेर जाताना घराची चावी शेजारी ठेवायची पद्धत. नाही ठेवली तर शेजाऱ्यावर संशय घेतल्यासारखं होतं. त्यामुळे पासवर्ड लपवायचा असतो हे ऐकून दोघांनाही माझा स्वभाव वाईट आहे असं वाटलं. मी डोक्यावर हात मारून घेतला, दोघांनाही परत बोलावलं आणि दम भरून नवे पासवर्ड करायला लावले.

"ह्यो हिरवो बटन होयचो," बाबलीकाका स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले. "मगे नायचो खंय आसा?"

"नाही."

"नाय म्हणजे?"

"ठेवलंच नाही. गाऱ्हाण्यात कधी कुणी 'नाय म्हाराजा' म्हटलेलं ऐकलंय तुम्ही? म्हणायचं असेल तर होय म्हणा, नाहीतर गप्प बसा."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पण मगे बघल्याशिवाय मी होय कसा म्हणतलंय? औंदा मी कौलाक आत उभो रवतलंय."

"गेल्या वर्षी कुठे होता तुम्ही?"

"भायर. आंब्याच्या फवारणीचा बोलत होतंय."

"आणि हाळीला होय म्हाराजा म्हटलंत?"

"म्हटलंय मा. सगळे म्हणतत तर."

मी जिभेवर आलेला टोमणा गिळला. माझ्यासाठी हा विक्रमच होता.

नोव्हेंबर अर्धा सरला आणि कौलाचा दिवस आला. सकाळी देवळासमोरचं अंगण माणसांनी भरलं. मोबाइलला रेंज फक्त ओवळीच्या झाडाखाली, म्हणून तिथे टेबल मांडून मी लॅपटॉपला मोबाइल जोडून बसले. मुंबईहून विकी दुसऱ्या फोनवर होता आणि दर मिनिटाला "झालं का गं?" विचारून माझं डोकं उठवत होता. बाबलीकाका नवा पंचा खांद्यावर टाकून गाभाऱ्याच्या दारात, पाषाणाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. सहदेवकाका नियमाप्रमाणे बाहेर, उंबऱ्यापासून दूर, दोन्ही हात काठीवर.

आत खूपच वेळ लागला. लोक चुळबुळायला लागले. शेवटी गुरव उंबऱ्यावर आला, काकांच्या कानाशी वाकला, आणि मी काकांचा चेहरा बघितला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. पुन्हा रविवारच, हे मला कळून चुकलं.

काठी आपटली. आवाज कापला, पण ते थांबले नाहीत. "आयका हो आयका! सातेरी मायची जत्रा मार्गशीर्षातल्या दुसऱ्या आयतवारी, हो!"

"होय म्हाराजा," लोक म्हणाले. म्हणजे काही म्हणाले. बाकीचे एकमेकांकडे बघत होते. मागून कुणीतरी बोललंच, "परत आयतवार? मुंबयवाल्यांची चंगळ आसा."

ते काकांच्या कानावर गेलं असणार, कारण ते अंगणाच्या अगदी मधोमध उभे होते.

यमुनाकाकी टेबलाशी आली. मान घराचा, म्हणून हाळीच्या घराचं लॉगिन तिने घेतलं होतं; काकांना स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत. एका बोटाने, एकेक आकडा दाबत तिने तारीख लिहिली. फोनवर विकी ओरडला, "होय! होय! दाबलं मी!"

"मुंबयचो होय बघा कसो धावत इलो," पुन्हा मागचाच आवाज. लोक हसले, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. गुरवाने ओलं बोट धोतराला पुसून दाबलं. उरले बाबलीकाका.

ते देवळातून पंच्याने तोंड पुसत आले, माझ्या समोरच्या खुर्चीत बसले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. तारीख, खाली त्यांचं नाव, त्याखाली हिरवं बटण. हात मांडीवर तसेच. ते नुसते उठून गेले असते तरी तो नकारच झाला असता. 'नाय'चं बटण मी ठेवलंच नव्हतं, ते गप्प बसण्यात होतं आणि बाबलीकाका गप्प बसले होते.

मला त्यांचा भयंकर राग आला. देवीचासुद्धा आला, खोटं कशाला सांगू? मंगळवार द्यायला काय झालं होतं तिला? त्या होयसाठी मला बाबलीकाकांच्या बोटाची गरजही नव्हती. डेटाबेस माझा, चाव्या माझ्या. एक ओळ लिहिली असती तर त्यांच्या नावाचा होय तिथे उमटला असता. माझी बोटं शिवशिवत होती. पण मग त्या होयला काडीची किंमत राहिली नसती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

सहदेवकाकांनी थोडा वेळ वाट बघितली. मग वळले आणि काठी घेऊन देवळाच्या पायऱ्या चढायला लागले. यमुनाकाकीने माझा खांदा इतका घट्ट धरला की तो नंतर दुखत राहिला.

"मीच सांगलंय गुरवाक," बाबलीकाका एकदम बोलले. आधी पुटपुटले, मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मीच सांगलंय, आयतवार शेवटाक ठेय. आधी मंगळवार इचार. इचारल्यान. डावी पडली. बुधवार इचारल्यान. डावी. गुरवाराक दोनय पाकळे हलतच नाय होते. मी…" ते अडखळले. "मी उजव्या पाकळेक हळूच फुक पण मारलंय."

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं.

"हसतास काय? मारलंय! तरी डावीच पडली. शुक्रवार, शेनवार, सोमवार, सगळ्यांक डावीच. आणि आयतवाराचा नाव घेतल्याबरोबर उजवी टपकन खाली. माझ्या डोळ्यांसमोर. सहदेव भायर होतो." ते उभे राहिले. खुर्ची मागे पडली. सहदेवकाका तेव्हा वरच्या पायरीवर पोचले होते. बाबलीकाकांनी छाती भरून घेतली आणि एकट्याने, गाऱ्हाण्यात ओरडतात तसं, ओरडले.

"होय म्हाराजा!"

एरवी हे शब्द शंभर गळ्यांतून येतात, कुणी म्हटलं आणि कुणी नाही ते समजत नाही. त्या दिवशी तो एकच आवाज होता, थोडा चिरका, आणि साऱ्या गावाला ठाऊक होतं तो कुणाचा ते.

"आता हो बटन दाब गो," ते मला म्हणाले. "माझो चष्मो घराक रवलो."

"काका, तुमचं बटण तुम्हीच दाबायचं."

त्यांनी वाकून, डोळे बारीक करून, बोट नेमकं टेकवलं. तारीख उघडली. फोनवर विकी आनंदाने किंचाळला, आणि भांडुपमधली त्याच्याभोवती जमलेली माणसंही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

सहदेवकाका पायरीवर उभे होते. काठी अजून त्यांच्याच हातात होती. ते हळूहळू खाली उतरले, अंगण ओलांडून ओवळीखाली आले आणि बाबलीकाकांच्या समोर थांबले. वर्षभरात दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"बाबल्या," काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "माका नीट आयकाक इला नाय. परत म्हण."

बाबलीकाकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग हसले आणि पुन्हा एकदा ओरडले, आणि या वेळी त्यांच्या मागोमाग सगळं अंगण ओरडलं, मागच्या रांगेतला तो आवाजसुद्धा. "होय म्हाराजा!" सहदेवकाकांनी काठी आपटली आणि यमुनाकाकीला विचारलं की घरात बांगडे आहेत का, बाबली जेवायला येतोय.